चालू करण्यापूर्वी: ईआरपीमधील ऐच्छिक सुविधांविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. कंपनीच्या ईआरपीमध्ये, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब अशी कामे एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आधीपासून असलेली, पण बंद ठेवलेली एखादी सुविधा चालू करावी का, केव्हा करावी, आणि एकदा केल्यावर मागे फिरता येते का, असे विचारणारी. नाशिकच्या अंबड-सातपूरचे सुट्या भागांचे कारखाने, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील उद्योग आणि पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातील द्राक्ष निर्यातदार यांचे व्यवहार एकमेकांपेक्षा फार वेगळे आहेत आणि त्यांची सॉफ्टवेअरही वेगळी आहेत. तरीही अडचण एकाच जातीची आहे, म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या अंबडच्या कारखान्यात एसएपी ईसीसी ६.० आहे. पुरवठादाराला द्यायच्या ॲडव्हान्सची नोंद खरेदी ऑर्डरवरच व्हावी, अशी खरेदी विभागाची मागणी आहे. सल्लागार म्हणतात की त्यासाठी एसएफडब्ल्यू५ मध्ये (सुविधा चालू करण्याच्या स्क्रीनचा कोड) एक बिझनेस फंक्शन ॲक्टिव्हेट करावे लागेल आणि ते नंतर बंद करता येणार नाही. हे खरे आहे का? असेल, तर करावे का?

सल्लागारांचे म्हणणे मुळात बरोबर आहे. ईआरपी ६.० पासून (आपले ईसीसी ६.० त्याचाच भाग) एसएपीने नवी कार्यक्षमता एन्हान्समेंट पॅकेजच्या रूपाने द्यायला सुरुवात केली आणि त्यासोबत स्विच फ्रेमवर्क आणले. पॅकेज बसवले म्हणजे नवा प्रोग्राम आणि नवी फील्ड सिस्टिममध्ये येऊन पडतात, पण ती निद्रिस्त असतात. वापरकर्त्याला काहीही बदललेले दिसत नाही. संबंधित बिझनेस फंक्शन ॲक्टिव्हेट केल्यावरच स्क्रीनवर फील्ड उमटतात, मेनूत नवे पर्याय येतात, कस्टमायझिंगच्या झाडात नव्या फांद्या दिसू लागतात आणि प्रोग्राममधला नवा मार्ग प्रत्यक्ष चालू लागतो. बहुतेक बिझनेस फंक्शन एकदा चालू केली की बंद करता येत नाहीत. काही मोजकी उलटवता येतात आणि ती कोणती, हे एसएफडब्ल्यू५ च्या यादीतच दाखवलेले असते. म्हणून यादी उघडल्यावर फंक्शनच्या नावाच्याही आधी तेवढी एक गोष्ट पाहून घ्यावी.

आपल्या मागणीशी जुळणारे फंक्शन म्हणजे एलओजी_एमएमएफआय_पी२पी. ते चौथ्या एन्हान्समेंट पॅकेजबरोबर आले आणि खरेदी व वित्त या दोन विभागांमधला दुवा घट्ट करण्यासाठी दिलेले आहे. ते चालू केल्यावर खरेदी ऑर्डरच्या हेडरमध्ये पेमेंट प्रोसेसिंग नावाचा एक टॅब येतो. तिथे ॲडव्हान्सचा प्रकार, टक्केवारी किंवा रक्कम आणि देय तारीख भरता येते. एमई२डीपी ही स्क्रीन उघडली की कोणत्या ऑर्डरवर किती ॲडव्हान्स ठरला होता, त्यापैकी किती दिला गेला आणि किती बाकी आहे, हे लेखा विभागाला एकाच जागी दिसते. ज्या कारखान्यात साचे, फिक्स्चर किंवा मशिनरी यांच्या ऑर्डरवर तीस-चाळीस टक्के रक्कम आगाऊ द्यावी लागते आणि ती वळती करून घ्यायची राहून जाते, तिथे ही सोय खरोखर मोलाची आहे.

आता दुसरी बाजू. स्विच फ्रेमवर्कची कळ संपूर्ण सिस्टिमला लागू होते. ती एका प्लांटपुरती, एका कंपनी कोडपुरती किंवा एका क्लायंटपुरती (त्याच सिस्टिममधील स्वतंत्र विभागापुरती) चालू करता येत नाही. अंबडच्या मागणीवरून ॲक्टिव्हेट केलेले फंक्शन त्याच सर्व्हरवर काम करणाऱ्या आपल्या पुण्याच्या किंवा चाकणच्या प्लांटलाही त्याच क्षणी मिळते. ज्यांना त्याची गरज नाही, त्यांच्या ऑर्डरवरही तो टॅब दिसू लागतो. तो कोणाला दिसावा हे स्क्रीनच्या मांडणीतून आणि अधिकारांमधून नंतर आवरता येते. पण ते काम वेगळे आहे आणि त्याचा वेळ अंदाजपत्रकात धरलेला नसतो. याशिवाय खरेदी ऑर्डरच्या स्क्रीनवर विसंबून लिहिलेले आपले जुने अपलोड प्रोग्राम, प्रिंटचे फॉर्म आणि यूजर एक्झिट (एसएपीच्या प्रोग्राममध्ये कंपनीने जोडलेला कोड) यांची पुन्हा चाचणी करावी लागेल. बिघाड झालाच, तर तो बहुधा कंपनीने स्वतः लिहून घेतलेल्या अशा झेड प्रोग्राममध्ये निघतो.

क्रमाविषयी आग्रहाने सांगतो. आधी उत्पादन सिस्टिमची ताजी प्रत घेऊन सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या स्वतंत्र सिस्टिममध्ये) ॲक्टिव्हेट करावे, म्हणजे चूक झाली तरी ती प्रत टाकून देता येते. त्या फंक्शनचे दस्तऐवज आणि रिलीज माहिती एसएफडब्ल्यू५ मधूनच उघडतात. त्याला आणखी एखादे फंक्शन आधी लागते का, हे तिथे लिहिलेले असते. त्यानंतर डेव्हलपमेंट, क्वालिटी आणि शेवटी प्रॉडक्शन. ट्रान्सपोर्ट करताना, म्हणजे बदल एका सिस्टिममधून पुढच्या सिस्टिममध्ये नेताना, त्या विनंतीत केवळ आपले नवे फंक्शन जात नाही, तर त्या सिस्टिममधील सर्व फंक्शनची चालू स्थिती जाते. कुणी पूर्वी डेव्हलपमेंटमध्ये सहज म्हणून दोन-तीन फंक्शन चालू करून पाहिली असतील, तर तीही या वाटेने प्रॉडक्शनमध्ये पोहोचतात. त्यामुळे तिन्ही सिस्टिमच्या याद्या आधी शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. ॲक्टिव्हेशन बॅकग्राउंड जॉब म्हणून चालते, त्यात डिक्शनरीतील (टेबले व फील्ड यांच्या व्याख्यांतील) असंख्य वस्तू नव्याने तयार होतात आणि सर्व्हरवर ताण येतो. ते साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच करावे आणि महिनाअखेरीच्या आसपास मुळीच करू नये.

एस/४ हाना या एसएपीच्या नव्या पिढीच्या ईआरपीकडे जाण्याचा विचार असेल, तर आणखी एक तपासणी हवी. ईसीसी ६.० च्या सहा ते आठ या एन्हान्समेंट पॅकेजांची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपणार असल्याचे एसएपीने जाहीर केले आहे, त्यामुळे हा विचार आज ना उद्या करावाच लागेल. एस/४ मध्ये काही बिझनेस फंक्शन कायम चालू धरलेली आहेत, तर काही कायम बंद. आपल्या ईसीसीमध्ये चालू असलेले एखादे फंक्शन लक्ष्य आवृत्तीत ‘कायम बंद’ गटात असेल, तर रूपांतरच अडते. आज परत न फिरणारी कळ दाबताना तिचे नाव त्या याद्यांमध्ये कुठे आहे, हे पाहणे तासाभराचे काम आहे.

करावे का, या प्रश्नावर माझे मत असे आहे. वर्षभरात ॲडव्हान्सच्या ऑर्डर किती होतात, हे आधी मोजावे. त्या मोजक्याच असतील, तर आज आपल्याकडे असलेली सोय पुरेशी आहे: एफ-४८ या स्क्रीनने ॲडव्हान्सची नोंद करताना खरेदी ऑर्डरचा क्रमांक घालता येतोच, आणि तो घालण्याची शिस्त लावली की निम्मी तक्रार मिटते. ऑर्डर मोठ्या संख्येने असतील आणि लेखा विभागातील एक जबाबदार व्यक्ती एमई२डीपी दर आठवड्याला पाहण्याचे काम अंगावर घेणार असेल, तर अवश्य करावे. केवळ खरेदी विभागाची मागणी आहे, एवढ्यावर करू नये, कारण ती माहिती खरेदीने भरायची असली तरी तिचा उपयोग लेखा विभागाने करायचा आहे.

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंत येथून द्राक्षे निर्यात करतो. टॅलीमध्ये साठा वजनावर ठेवतो, बॅच ठेवत नाही. खरेदीदार आता बॅचनिहाय माहिती मागतो आहे. हंगाम सुरू आहे. लगेच बॅच चालू केली तर चालेल का?

हंगाम सुरू असताना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; पण खरेदीदाराची मागणी टाळण्यासारखी नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगतो. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांच्या खेपा युरोपात अडकल्या, तेव्हा नाशिक जिल्ह्याने केवढा फटका सोसला हे आपल्याला माहीत आहे. अपेडाच्या (कृषी निर्यात प्रोत्साहन प्राधिकरणाच्या) ग्रेपनेट व्यवस्थेत नोंदणी झालेल्या प्लॉटपासून पॅकहाउसपर्यंतचा माग ठेवला जातो. आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील बॅच त्या मागाशी जुळली, तरच एखाद्या पेटीवर आक्षेप आल्यावर त्याच प्लॉटच्या बाकीच्या पेट्या कुठे आहेत, हे काही मिनिटांत सांगता येईल.

टॅली प्राइममध्ये हे काम दोन पातळ्यांवर होते. एफ११ मध्ये (कंपनीच्या सुविधांच्या स्क्रीनवर) कंपनीच्या पातळीवर बॅचची सुविधा चालू करायची आणि मग प्रत्येक स्टॉक आयटमच्या मास्टरमध्ये बॅच ठेवायची की नाही ते स्वतंत्रपणे ठरवायचे. ही रचना आपल्या फायद्याची आहे. द्राक्षांना बॅच ठेवा. रिकाम्या पेट्या, ग्रेप गार्ड, पॅलेट यांना ठेवू नका, नाहीतर प्रत्येक पॅकिंग मटेरियलच्या नोंदीवर बॅच विचारली जाईल आणि काम करणारा मुलगा कंटाळून काहीतरी भरून मोकळा होईल.

हंगामात नको म्हणण्याचे कारण असे. चालू करण्याच्या दिवशी कोल्ड स्टोअरमध्ये जो माल असेल, त्याच्या आवक नोंदींना बॅच नाही. टॅली तो माल ‘प्रायमरी बॅच’ या एकाच नावाखाली दाखवते. त्यानंतर त्या मालाची विक्री करताना नवी बॅच घातली, तर नव्या बॅचमध्ये उणे साठा आणि प्रायमरी बॅचमध्ये कधीही न संपणारा साठा, असे चित्र तयार होते. हा गुंता हंगामाच्या धावपळीत सोडवायला वेळ मिळत नाही. आपला तोडा साधारण जानेवारी ते एप्रिल चालतो. पावसाळ्यात कोल्ड स्टोअर रिकामे असते, द्राक्षांचा साठा शून्य असतो, तेव्हा सुविधा चालू केल्यास जुन्या मालाचा प्रश्नच उरत नाही.

या हंगामापुरता मार्ग हा की, पॅकहाउसच्या नोंदवहीत आणि इन्व्हॉइसच्या वर्णनात प्लॉटचा नोंदणी क्रमांक व तोड्याची तारीख लिहायला आजपासून सुरुवात करावी. तीच पद्धत पुढे बॅचचे नाव म्हणून वापरता येईल. बॅचच्या नावात प्लॉट आणि तारीख या दोनच गोष्टी ठेवाव्यात. वाण, प्रतवारी, पेटीचे वजन या गोष्टींसाठी स्टॉक आयटम वेगळे असतात. नावात सगळे कोंबले की शोधताना काहीच सापडत नाही.

पुढे मोठ्या ईआरपीकडे जाण्याचा बेत असेल, तर हेही ध्यानात असू द्यावे की, तिथे नियम अधिक कडक आहेत. एसएपीमध्ये साठा शिल्लक असलेल्या मटेरियलची बॅच व्यवस्था चालू किंवा बंद करता येत नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये एखाद्या आयटमवर साठ्याचे व्यवहार झाले की ‘बॅच क्रमांक आहे’ ही खूण बदलता येत नाही. म्हणजे तिथे हा निर्णय पहिल्या आवकेच्या आधीच घ्यावा लागतो.

प्रश्न : आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एडिट लॉगमुळे (नोंदींमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सुविधेमुळे) डेटा वाढतो आणि काम मंदावते, असे आमच्या ऑपरेटरचे म्हणणे आहे. तो बंद ठेवता येईल का?

नाही. कंपन्यांच्या लेखांविषयीच्या २०१४ च्या नियमांमधील तिसऱ्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराची ऑडिट ट्रेल असणे, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे आणि ती सुविधा बंद न करता येणे बंधनकारक आहे. ती वर्षभर चालू होती का आणि तिच्यात छेडछाड झाली का, हे लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावे लागते. टॅली प्राइमची एक आवृत्ती अशी आहे की तिच्यात एडिट लॉग बंद करण्याचा पर्यायच नाही. कंपनीने तीच वापरावी. भागीदारी संस्था, एलएलपी आणि प्रोप्रायटरी यांना हा नियम लागू नाही, त्यांच्यासाठी ती सुविधा ऐच्छिक आहे. काम मंदावत असेल, तर त्याचा उपाय संगणक आणि नेटवर्कमध्ये शोधावा.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात लेखापाल आहे. आमचे शेठ म्हणतात, ‘पूर्ण सॉफ्टवेअरचे पैसे मोजले आहेत, मग सगळ्या सुविधा चालू करा.’ त्यांना काय सांगावे?

त्यांची भावना समजण्यासारखी आहे, आणि तिला नुसते ‘नको’ असे उत्तर देऊ नये. एक उदाहरण त्यांच्यासमोर स्क्रीनवरच दाखवावे. कॉस्ट सेंटर चालू केल्यावर आपण डिझेलच्या अडीच हजार रुपयांची नोंद करायला गेलात, की रकमेनंतर एक छोटी खिडकी उघडते आणि हा खर्च कोणत्या विभागाचा, असे विचारते. जनरेटरचा, टेम्पोचा की शेठजींच्या गाडीचा? व्हाउचरवर ते लिहिलेले नसेल, तर नोंद करणारा यादीतले पहिले नाव निवडतो आणि पुढे जातो. वर्षाअखेरीस विभागनिहाय खर्चाचा सुबक अहवाल निघतो आणि त्यातील आकडे खोटे असतात. सुविधा बंद असती, तर अहवाल मिळाला नसता एवढेच. आता चुकीच्या अहवालावर निर्णय होतात, आणि ते अधिक घातक आहे.

म्हणून शेठजींना असे सुचवावे की, प्रत्येक सुविधेसमोर ती माहिती कोण भरणार, त्याला ती कोणत्या कागदावरून मिळणार आणि तिचा अहवाल दर महिन्याला कोण वाचणार, ही नावे लिहावीत. अहवाल वाचणाऱ्याच्या रकान्यात शेठजींचे स्वतःचे नाव येत असेल, तर त्यांना विचारून येऊ द्यावे. बहुतेक मालक तिथे थांबून विचार करतात. कोणतेच नाव येत नसेल, तर ती सुविधा या वर्षी बंद ठेवावी. ती कुठे जात नाही, तिचे पैसे वाया गेलेले नाहीत.

एक सुविधा मात्र त्यांच्या हट्टाशिवायही चालू करावी, ती म्हणजे बिलनिहाय नोंद. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी, करार नसल्यास १५ आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावी लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीबाहेर गेलेल्या अशा देण्याची प्राप्तिकरातील वजावट, रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी मिळते. आपल्या पुरवठादारांमध्ये असे उद्योग भरपूर असणार, कारण सातपूरचे निम्मे काम शेजारच्या छोट्या शेडमध्येच होते. कोणते बिल किती दिवसांचे झाले, हे खात्याच्या एकत्रित बाकीवरून कळत नाही. बिलनिहाय नोंदीतूनच कळते. ही सुविधा १ एप्रिलला, आरंभीच्या बाकीची बिले एकेक करून भरून सुरू करावी. त्या भरणीला पुरवठादारांच्या खाते-उताऱ्यांशी मेळ घालण्याचे काम जोडून घ्यावे, दोन्ही एकाच वेळी उरकतात.

प्रश्न : सिन्नरच्या आमच्या युनिटमधून भाग प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटसाठी बाहेर जातात. सध्या चलनबुक हाताने लिहितो. जॉब ऑर्डर प्रोसेसिंग (बाहेर कामाला दिलेल्या मालाची नोंद ठेवणारी सुविधा) चालू करणे फायद्याचे आहे का?

होय, आणि या पत्रांमधल्या सर्व प्रश्नांत मला सर्वांत निःशंकपणे ‘करा’ म्हणावेसे वाटते ते इथे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल एक वर्षाच्या आत परत यायला हवा. भांडवली वस्तूंसाठी ही मुदत तीन वर्षे आहे. तो मुदतीत आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरून कर मोजला जातो. शिवाय पाठवलेल्या आणि परत आलेल्या मालाचा तपशील आयटीसी-०४ या विवरणपत्रात द्यावा लागतो. उलाढाल पाच कोटींच्या वर असल्यास सहामाही आणि त्याखाली असल्यास वार्षिक. हाताने लिहिलेल्या चलनबुकातून कोणत्या चलनाचे किती नग अजून प्लेटरकडे आहेत, हे काढताना दरवेळी जी रात्र जाते, ती या सुविधेने वाचते.

टॅलीमध्ये एफ११ मधून ती चालू केली की मटेरियल आउट आणि मटेरियल इन असे दोन व्हाउचर प्रकार मिळतात. पण केवळ तेवढ्याने काम होत नाही. प्रत्येक जॉबवर्करसाठी एक गोडाउन तयार करावे लागते आणि त्याच्या मास्टरमध्ये ‘आपला माल तिसऱ्या व्यक्तीकडे आहे’ या अर्थाचा पर्याय ‘होय’ करावा लागतो. ही खूण राहिली, तर माल आपल्याच आवारात असल्यासारखा दिसतो आणि अहवालाचा हेतूच फसतो.

दुसरी काळजी नगांच्या मोजमापाची. प्लेटर वजनावर बिल करतो, आपण नगांवर पाठवतो, आणि चार-सहा नग रिजेक्शनमध्ये जातात. हे रिजेक्शन मटेरियल इनच्या वेळी कुठे नोंदवायचे, हे सुरू करण्यापूर्वी ठरवावे. त्यासाठी स्टोअरमध्ये एक स्क्रॅपचे गोडाउन ठेवावे आणि जॉबवर्करकडून परत आलेला खराब नग तिथे घ्यावा. असे न केल्यास त्याच्या नावावर दोन-दोन, तीन-तीन नगांची शिल्लक साचत जाते आणि वर्षाअखेरीस ती कुणालाच उलगडत नाही.

सुरुवात एकाच जॉबवर्करपासून करावी. ज्याच्याकडे माल रोज जातो आणि रोज येतो, असा निवडावा, म्हणजे चुका पहिल्याच आठवड्यात दिसतात. त्या दिवशी त्याच्याकडे प्रत्यक्ष जाऊन नग मोजून घ्यावेत आणि तोच आकडा आरंभीचा साठा म्हणून घ्यावा. चलनबुकातल्या शिलकेवर भरवसा ठेवू नये.

प्रश्न : आम्ही मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स ३६५ फायनान्स वापरतो. अपडेटनंतर एखादी स्क्रीन अचानक बदललेली दिसते. आम्ही काहीच चालू केलेले नसते. हे कसे?

क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऐच्छिक’ ही अवस्था कायमची नसते. डायनॅमिक्समध्ये फीचर मॅनेजमेंट नावाचे वर्कस्पेस आहे. एखादी सुविधा तिथे आधी बंद अवस्थेत येते, पुढच्या एखाद्या आवृत्तीत आपोआप चालू अवस्थेत येते आणि शेवटी सक्तीची होते. आपण पहिल्या टप्प्यात लक्ष दिले नाही, तर दुसऱ्या टप्प्यात ती न विचारता समोर उभी राहते. ओरॅकल फ्यूजनमध्येही दर तिमाहीच्या अपडेटबरोबर येणाऱ्या काही सुविधांच्या ऐच्छिकतेला अशीच मुदत असते.

उपाय नियमित वाचनाचा आहे. मायक्रोसॉफ्ट वर्षाला चार सर्व्हिस अपडेट देते आणि त्यांपैकी किमान दोन घ्यावेच लागतात. अपडेट आधी सँडबॉक्समध्ये घ्यावे, फीचर मॅनेजमेंटमध्ये ‘नवीन’ आणि ‘चालू न केलेल्या’ सुविधांची यादी उघडावी आणि वित्त, खरेदी व स्टोअर यांच्या प्रत्येकी एका व्यक्तीला बसवून ती वाचावी. एखादी सुविधा हवी असेल पण महिनाअखेर जवळ असेल, तर तिच्यासाठी पुढची तारीख लावून ठेवण्याची सोय तिथेच आहे. काही सुविधांसमोर ‘चालू केल्यावर बंद करता येणार नाही’ अशी सूचना असते. ती असेल तेव्हा सँडबॉक्समध्ये एक पूर्ण महिनाअखेर करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सक्तीची होणारी सुविधा मात्र शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नये. ती मुदतीपूर्वी, आपल्या सोयीच्या आठवड्यात चालू करून घेतली, की लोकांना शिकवायला अवधी मिळतो.

प्रश्न : आमच्याकडे ओडू हे ईआरपी आहे. सुरुवातीला उत्साहाने बरीच मॉड्यूल बसवली. त्यांपैकी दोन-तीन कुणीच वापरत नाही. ती काढून टाकली तर चालतील ना?

थोडे थांबावे. ओडूमध्ये मॉड्यूल अनइन्स्टॉल करणे म्हणजे ते डोळ्यांआड करणे नव्हे. त्या मॉड्यूलची टेबले, त्याने इतर ठिकाणी जोडलेली फील्ड आणि त्यांतील सर्व माहिती त्यासोबत जाते. त्यावर अवलंबून असलेली इतर मॉड्यूलही जातात. अनइन्स्टॉल करण्यापूर्वी जी खिडकी उघडते, तिच्यात काय-काय जाणार आहे याची यादी असते. ती शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. आपल्याला न वापरलेले वाटणारे मॉड्यूल एखाद्या चालू मॉड्यूलच्या पायाशी असू शकते.

आपला हेतू केवळ मेनू आटोपशीर करण्याचा असेल, तर त्या मॉड्यूलचे अधिकार वापरकर्त्यांकडून काढून घ्यावेत. मेनू दिसेनासा होतो आणि माहिती जागच्या जागी राहते. खरोखरच काढायचे असेल, तर आधी डेटाबेसचा संपूर्ण बॅकअप घेऊन तो दुसऱ्या सर्व्हरवर उघडतो का, हे पाहावे, त्या प्रतीवर मॉड्यूल काढावे आणि तिथे एक विक्री, एक खरेदी, एक इन्व्हॉइस व एक साठ्याची हालचाल शेवटपर्यंत करून बघावी. सेटिंग्जमधल्या साध्या वाटणाऱ्या चौकोनांबाबतही हीच खबरदारी घ्यावी. मोजमापाची एकके, लॉट व सिरियल क्रमांक, साठवणुकीच्या जागा यांसारख्या पर्यायांवर टिचकी मारली की त्यामागे कधी अधिकारांचा गट बदलतो, तर कधी पूर्ण मॉड्यूल बसते किंवा निघते. एकापेक्षा अधिक गोदामे तयार केलेली असतील, तर जागांचा पर्याय ओडू बंद करू देत नाही. तिथे तो अडला, तर जबरदस्तीने वाट काढू नये, आधी जास्तीची गोदामे रिकामी करून संग्रहित करावीत.

न वापरलेल्या मॉड्यूलमध्ये एकही नोंद नसेल आणि त्यावर काहीही अवलंबून नसेल, तर ते निर्धास्तपणे काढावे. पुढच्या आवृत्तीवर जाताना तेवढी कमी चाचणी करावी लागेल.